कारखान्याला गिऱ्हाईक मिळतं, बँकेला नाही

रोह्याजवळच्या धाटावच्या एमआयडीसीत रंगद्रव्यं बनवणाऱ्या दोन कंपन्या वर्षानुवर्षं एकमेकींच्या स्पर्धक होत्या. एक पुण्याच्या राठींची सुदर्शन केमिकल, दुसरी कलर केम. दुसरीच्या फाटकावरची पाटी गेल्या वीस वर्षांत तीनदा बदलली आणि तिसऱ्या वेळी तिच्यावर ‘सुदर्शन’ हे नाव आलं. रोह्यातून पाहिलं तर शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर विकत घ्यावं, तसा हा व्यवहार. प्रत्यक्षात तो ठरला जर्मनीत, एका दिवाळखोरीच्या प्रकरणात.

कलर केम ही १९५६ची कंपनी. तिचं नातं हेक्स्ट या जर्मन कंपनीशी. स्वित्झर्लंडच्या क्लॅरियंटनं १९९७ साली हेक्स्टचा विशेष रसायनांचा धंदा घेतला, तेव्हा कलर केमही तिच्या गोतावळ्यात आली. २००६ साली क्लॅरियंटच्या इथल्या कंपन्या एकत्र झाल्या. कागदोपत्री मात्र बाकीच्या कंपन्या कलर केममध्ये विलीन झाल्या होत्या, आणि मग कलर केमनंच स्वतःचं नाव टाकून क्लॅरियंटचं घेतलं. विलीन होणाऱ्यांत कुंडलिका इन्व्हेस्टमेंट्स नावाचीही एक कंपनी होती. रोह्याच्या नदीचं नाव धारण केलेली ही कागदी कंपनी अशी आली आणि विरूनही गेली.

पुढे क्लॅरियंटला रंगद्रव्यांचा धंदा नकोसा झाला. युरोपातल्या बड्या रसायन कंपन्यांची ही अलीकडची रीतच आहे: नफ्याचं प्रमाण कमी असलेला विभाग विकायचा आणि भागधारकांना ‘लक्ष केंद्रित केलं’ असं सांगायचं. बीएएसएफनं आपली रंगद्रव्यं २०२१ मध्ये जपानच्या डीआयसीला दिली. क्लॅरियंटनं त्याच वर्षी करार केला आणि जानेवारी २०२२ मध्ये धंदा हस्तांतरित केला. घेणारे दोघे होते, जर्मनीतलं जुनं ह्यूबाख घराणं आणि न्यूयॉर्कची एसके कॅपिटल ही प्रायव्हेट इक्विटी संस्था. धंद्याचं मूल्य ८० ते ८५ कोटी स्विस फ्रँकच्या घरात धरलं होतं. क्लॅरियंटनं नव्या कंपनीत वीस टक्के हिस्सा राखला.

प्रायव्हेट इक्विटीवाले पेन्शन फंड, विमा कंपन्या आणि धनिक घराण्यांचा पैसा गोळा करतात, त्यात भरपूर कर्ज मिसळतात आणि कंपनी घेतात. चार-सहा वर्षांत खर्च कापून, नफा वाढवून ती पुढच्याला विकायची, हा धंदा. यात गैर काही नाही. पण कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसतं, आणि मधली वर्षं चांगली जातील हे गृहीत धरलेलं असतं. इथं धंदा हाती आल्यावर दुसऱ्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं. जर्मनीत गॅस आणि वीज महागली, व्याजदर चढले, रंग आणि शाईची मागणी बसली. एप्रिल २०२४ मध्ये ह्यूबाखनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दोनशे वर्षांची परंपरा सांगणारं घराणं मोठ्या खरेदीनंतर अडीच वर्षंही टिकलं नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुदर्शननं सुमारे १२ कोटी ७५ लाख युरोंत हा समूह घ्यायचं जाहीर केलं. ताबा आला ३ मार्च २०२५ रोजी. सुदर्शनची वार्षिक उलाढाल अडीच हजार कोटी रुपयांच्या आसपास, तर भरभराटीच्या काळात ह्यूबाखची एक अब्ज युरोच्या घरात. म्हणजे गिळणारा लहान आणि गिळला जाणारा मोठा. २०२२ची किंमत आणि ही किंमत यांची थेट तुलना करता येत नाही. एकीत चालता धंदा होता, दुसरीत दिवाळखोराच्या मालमत्तेतून वेचून घेतलेले भाग. तरी दिवाळखोरीत भाव किती खाली येतो, याचा अंदाज त्यावरून येतोच.

यात धाटावच्या कामगाराचं काय झालं? भारतातली ह्यूबाख कलरंट्स ही स्वतंत्र, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती आणि ती दिवाळखोरीत नव्हती. बुडाली ती तिची आई. त्यामुळे रोह्याचा पगार थांबला नाही. बदलला फक्त गणवेशावरचा बिल्ला आणि पगारपत्रकाचा मथळा. कामगार कायद्यात एक कलम आहे: कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला तरी नोकरी सलग धरली जावी आणि सेवाशर्ती आधीपेक्षा वाईट नसाव्यात; नाहीतर भरपाई द्यावी. पण शेअर विकले जातात तेव्हा कायद्याच्या नजरेत मालक बदलतच नाही, कारण मालक म्हणजे कंपनी. म्हणून हे कलम उघडायची वेळही येत नाही. कायम कामगाराला याचा त्रास सहसा होत नाही. कंत्राटी कामगाराचं तसं नसतं. नवा मालक पहिला हात घालतो तो ठेकेदारांच्या यादीत.

मालक बदलणं या भागाला नवं नाही. धाटावच्याच एमआयडीसीत युनिकेमचा औषधांच्या कच्च्या मालाचा कारखाना आहे. युनिकेमनं आपला देशातला औषधविक्रीचा धंदा २०१७ साली टोरेंटला ३,६०० कोटींना दिला. पुढे २०२३ मध्ये प्रवर्तकांनी ३३.३८ टक्के हिस्सा इप्काला विकला. रोहे तालुक्यातल्याच नागोठण्याला आयपीसीएल या सरकारी कंपनीचा बॉम्बे हायच्या वायूवर चालणारा कारखाना होता. २००२ साली सरकारनं कंपनीचा २६ टक्के हिस्सा विकायला काढला. इंडियन ऑइल आणि निरमा यांना मागे टाकून रिलायन्सनं तो १,४९१ कोटींना घेतला आणि २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्समध्ये विरून गेली. त्या काळी त्यावर बरीच रणधुमाळी झाली होती. आता नागोठण्यात कुणाला त्याचं विशेष वाटत नाही.

पेण तालुक्यातल्या डोलवीची गोष्ट जास्त सांगण्याजोगी आहे. धरमतरच्या खाडीकाठी निप्पॉन डेन्रो इस्पातचा पोलाद प्रकल्प नव्वदच्या दशकात उभा राहिला. प्रवर्तक होते प्रमोद आणि विनोद मित्तल, म्हणजे लक्ष्मी मित्तल यांचे धाकटे भाऊ. यंत्रं आधुनिक, पण कर्ज डोंगराएवढं आणि पोलादाचा भाव पडलेला. इस्पात वर्षानुवर्षं कर्ज-पुनर्रचनेच्या चक्रात फिरत राहिली. डिसेंबर २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलनं १९ रुपये ८५ पैसे भावानं नवे शेअर घेऊन ४१.२९ टक्के हिस्सा मिळवला. रक्कम २,१५७ कोटी. २०१३ साली इस्पात जेएसडब्ल्यू स्टीलमध्येच विलीन झाली, इस्पातच्या ७२ शेअरांमागे जेएसडब्ल्यूचा एक या प्रमाणात. ज्याच्याकडे इस्पातचे शंभर शेअर होते, त्याच्या हाती एक शेअर आणि उरलेल्या अठ्ठावीसांचे काही रुपये आले.

पण कारखाना वाचला. तेव्हा तेहतीस लाख टन क्षमता असलेला डोलवी प्रकल्प पुढे पन्नास लाख आणि मग एक कोटी टनांवर गेला. जेएसडब्ल्यूच्या सज्जन जिंदालांनी जादू केली असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, त्यांनी धक्का हेरला. कोळसा आणि लोहखनिज बार्जमधून थेट कारखान्याच्या दारात उतरवता येईल अशी जागा पश्चिम किनाऱ्यावर किती ठिकाणी मिळते? शेअरांची किंमत कितीही पडो, खाडीची किंमत पडत नाही. समोरच्या काठावर शहाबाजला पीएनपी बंदर आहे. जेएसडब्ल्यू इन्फ्रास्ट्रक्चरनं डिसेंबर २०२३ मध्ये त्यातलाही निम्म्याहून किंचित जास्त हिस्सा २७० कोटींना घ्यायचं ठरवलं. कुंडलिका समुद्राला मिळते तिथं, रेवदंड्यासमोर साळावला बिर्लांची विक्रम इस्पात होती. २००९ मध्ये ती वेलस्पनकडे आणि २०१४ मध्ये जेएसडब्ल्यूकडे गेली. मालक तीन, पण प्रत्येकाची नजर त्याच पाण्यावर.

इस्पातचं विलीनीकरण १९५६च्या कंपनी कायद्याखाली उच्च न्यायालयात मंजूर झालं. त्या कायद्याचं विधेयक संसदेत अर्थमंत्री म्हणून मांडून नेणारे चिंतामणराव देशमुख मूळचे रोह्याच्या घराण्यातले. त्या चौकटीत न्यायालय भागधारक आणि सावकार यांची बैठक घ्यायला लावायचं, योजना तपासायचं आणि मान्य करायचं. संथ, पण सभ्य पद्धत. २०१६ साली दिवाळखोरी संहिता आली आणि पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं बँकांना बारा बड्या थकबाकीदारांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात ओढायला लावलं. त्यातल्या पाच कंपन्या पोलादाच्या होत्या. आता कर्ज थकलं की प्रवर्तकाच्या हातून कंपनी जाते, सावकारांची समिती मालकासारखी बसते आणि बोली लागते.

या नव्या खेळाचा सगळ्यात रंगतदार डाव खोपोलीत खेळला गेला. लक्ष्मी मित्तल यांच्या आर्सेलरमित्तलला एस्सार स्टील हवी होती. पण खोपोलीच्या उत्तम गाल्वामध्ये तिचा हिस्सा होता आणि उत्तम गाल्वाचं कर्ज थकलेलं. संहितेच्या २९-अ कलमानुसार थकबाकीदाराशी जोडलेल्याला बोली लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आधी ते कर्ज फेडा. उत्तम गाल्वा आणि तिच्यासारखीच थकबाकीदार केएसएस पेट्रॉन या दोन कंपन्यांचे मिळून सात हजार कोटींहून अधिक रुपये आर्सेलरमित्तलनं बँकांना मोजले आणि एस्सार ४२,००० कोटींना घेतली. पुढे उत्तम गाल्वा स्वतःच न्यायाधिकरणात आली, आणि २०२२ मध्ये ती घेतली कुणी? आर्सेलरमित्तल-निप्पॉन स्टीलनंच.

संहितेचं यश मोजताना बँकांच्या मान्य दाव्यांतला साधारण एक तृतीयांश पैसा परत आला असं सांगितलं जातं. हा आकडा सावकारांचा आहे. कंपनी अवसायनात निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारणवाल्या बँका, त्यानंतर इतर कर्मचारी, अशी रांग लागते. वाहतूकदार, सुट्या भागांचा पुरवठादार, उपहारगृह चालवणारा, डंपरवाला पार शेवटाकडे. कंपनी नव्या मालकाला विकली गेली तरी कायदा त्यांना एवढंच वचन देतो की अवसायनात जे हाती आलं असतं त्याहून कमी मिळणार नाही. बऱ्याचदा अवसायनात त्यांना शून्यच मिळालं असतं. एखाद्या मोठ्या कारखान्याची दिवाळखोरी नीट मिटली की नाही, हे बँकेच्या ताळेबंदापेक्षा त्या तालुक्यातल्या डंपरवाल्यांना विचारलं तर जास्त खरं कळतं.

आणि आता पेण शहर. २०१० साली गणेश चतुर्थी ११ सप्टेंबरला होती. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांचा हंगाम संपून पैसा हाती येण्याचे ते दिवस. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि खाती गोठली. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी बाहेर गेल्याचं प्रकरण उघड झालं. लाखाहून अधिक ठेवीदार अडकले: शेतकरी, मूर्तिकार, निवृत्त शिक्षक, पतपेढ्या. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख रुपये होती. अडकलेल्या पैशांसाठी मोर्चे, उपोषणं, न्यायालयाच्या तारखा. सक्तवसुली संचालनालयानं जमिनी जप्त केल्या.

डोलवीचं कर्ज या बँकेच्या सगळ्या ठेवींच्या कितीतरी पट होतं. तरी डोलवीला गिऱ्हाईक मिळालं आणि पेण अर्बनला नाही. कारण सरळ आहे. कर्ज बाजूला काढलं तर डोलवीत भट्टी, धक्का आणि रेल्वे उरते. बँकेतून पैसा बाहेर गेला की उरतात फक्त देणी. दिवाळखोरी संहिताही तिच्या कामाची नव्हती. ती तेव्हा अस्तित्वात नव्हती, आणि आजही सहकारी बँका तिच्या कक्षेबाहेरच आहेत. सावरणारी दुसरी बँक मिळायची तर तिला काहीतरी मिळायला हवं. सप्टेंबर २०१९ मध्ये अडकलेली पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. घेणाऱ्या सेंट्रम आणि भारतपे यांना बदल्यात बँकेचा परवाना मिळाला. तिथंही मोठ्या ठेवीदारांना दहा वर्षांच्या हप्त्यांवर राहावं लागलं. २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक सारस्वत बँकेनं पोटात घेतली, आणि तेही ती अडकल्यावर काही महिन्यांत. ठेव विमा २०२० मध्ये पाच लाखांवर गेला, २०२१ मध्ये नव्वद दिवसांत पैसे द्यायची तरतूद झाली. या सगळ्या सुधारणा पेणच्या लोकांनी वर्तमानपत्रात वाचल्या.

या तालुक्याला एकदा विचारलं मात्र गेलं होतं. महामुंबई या विशेष आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे सेझच्या वेळी, २१ सप्टेंबर २००८ रोजी, पेणच्या बावीस गावांत जमीन द्यायची की नाही यावर मतदान झालं. इतक्या व्यवहारांत भागधारकांची मतं मोजली, सावकारांची मोजली. गावाची मतं मोजलेला हा एकच प्रसंग. निकाल सरकारनं जाहीर केला नाही, पण सेझही झाला नाही.

आता जमिनीचे दिवस परत आले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांवर नवं शहर आखलं जातंय. पेण अर्बनच्या प्रकरणात जप्त झालेल्या जमिनींपैकी ज्या या पट्ट्यात असतील, त्यांना २०१० मध्ये जो भाव आला नसता तो आज येईल. ठेवीदारांकडे विकण्याजोगी एवढीच एक वस्तू आहे, आणि ती त्यांच्या नावावर नाही. लिलाव कधी, त्यात आधी कोणाचा दावा आणि सोळा वर्षांच्या व्याजाचं काय, हे प्रश्न न्यायालयाच्या टेबलावर आहेत. गिऱ्हाईक यावेळी बहुधा येईल. ते बँकेसाठी येणार नाही, जमिनीसाठी येईल.