निर्वासित तरुणाचे दुखणे

दिवाळी सरली की आमच्या बेळगावात तिबेटी स्वेटरवाले येतात. आपल्याही शहरात येत असतील. घासाघीस करून आपण स्वेटर घेतो. विकणाऱ्या पोराला रात्री झोप लागते का, हे विचारण्याची वेळ सहसा येत नाही. माझ्यावर ती 2021 च्या हिवाळ्यात आली.

बाविशीचा एक मुलगा दवाखान्यात आला. छातीत धडधड, पोटात गोळा, झोप नाही. ईसीजी ठीक होता. लक्षणे जुळवून मी औषध दिले. पुढे दोनदा बदलले. तिसऱ्या खेपेला पुड्या बांधता बांधता हिंदीत विचारले, घरी कोण कोण असते? तो बराच वेळ गप्प राहिला. मग कळले ते असे: सातव्या वर्षी आईवडिलांनी त्याला ओळखीच्या माणसांबरोबर नेपाळमार्गे भारतात शिकायला पाठवले होते. आईशी बोलणे व्हायचे ते वीचॅटवर. जून 2020 मध्ये भारताने त्या ॲपवर बंदी घातली आणि आईचा आवाज थांबला. रुग्णाची सविस्तर हकिकत घेणे हा आम्हा होमिओपॅथांचा अभिमान. तीच मी घेतली नव्हती.

तिबेटी लोक अशा दुखण्याला 'लुंग' बिघडला म्हणतात. लुंग म्हणजे वारा. आपल्या आयुर्वेदातल्या वाताचा जणू भाऊच. 'मी दुःखी आहे' असे हा तरुण म्हणणार नाही; छाती दाखवील. आपल्या आजीही 'जिवाची घालमेल होते' म्हणतच होत्या.

मग निर्वासित म्हणजे मनोरुग्ण असे समजायचे का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार युद्ध-संघर्षाची झळ लागलेल्या प्रदेशांत 22 टक्के लोकांना मानसिक आजार असतो. म्हणजे बहुतेकांना नसतो. त्यांना हवे असते सुरक्षित घर, शाळा, काम आणि आपले कोणीतरी. धरमशाला येथे 1960 मध्ये निर्वासित मुलांसाठी सुरू झालेल्या, पुढे तिबेटी बालग्राम म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत मुले लहान-लहान घरांत, एकेका घरमातेच्या हाताखाली वाढतात. समुपदेशन हा शब्द आपल्या तोंडी रुळण्याआधीचे हे काम आहे.

आपण काय करावे? आरोग्य संघटनेच्या 2011 च्या पुस्तिकेत मानसिक प्रथमोपचाराची तीन सूत्रे आहेत: पाहा, ऐका, जोडा. गरज कोणती ते पाहा. बोलेल तेवढे ऐका, पण जुन्या हकिकती खोदून काढू नका; जखमेची खपली ओढल्यासारखे होते. मग नातेवाईक, वस्तीतली जाणती माणसे, समुपदेशक यांच्याशी जोडून द्या. जीव नकोसा झाल्याचे बोलला तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. अशा वेळी एकटे सोडू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. आमच्या भागाला धारवाडची सरकारी मानसिक आरोग्य संस्था जवळची. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक देशभर विनामूल्य आहे. माझ्या गोळ्या हे काम करत नाहीत, हे मी पस्तीस वर्षांच्या व्यवसायानंतर मोकळेपणी सांगतो.

आपणही पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात मराठी जपत आलो. पण मनात आले तर मी संध्याकाळच्या बसने कोल्हापूर गाठू शकतो. मुंडगोडची तिबेटी वसाहत 1966 ची. तिथे जन्मलेल्या नातवंडांनाही आजोबांचे गाव पाहता येत नाही. हा फरक विसरून 'आम्ही नाही का रुळलो?' असे त्यांना म्हणू नये.

तो मुलगा समुपदेशकाकडे जाऊ लागला आणि दर रविवारी आपल्या घरमातेला फोन करू लागला. हळूहळू झोप आली. आईचा आवाज मात्र त्याला अजून मिळालेला नाही. पुढच्या हिवाळ्यात तो दुकानावर दिसला, तेव्हा मी भाव विचारण्याआधी खुशाली विचारली. आपणही एवढे करून पाहावे.