अपत्याची वाट पाहतांना : तीन महिन्यांचा हिशेब

सातारा जिल्ह्याच्या कऱ्हाड तालुक्यांत, जेथें तारळी नदी कृष्णेला मिळते, तेथें उंब्रज हें गांव वसलें आहे. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग या गांवाजवळूनच जातो, आणि त्या रस्त्यानें या भागांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबई-पुण्यास पोटासाठीं जात आले आहेत. पूर्वीं गिरणी आणि गोदी होती. आतां कारखाना, मोटार किंवा संगणक आहे. नोकरीचें स्वरूप बदललें. परंतु मुलगा शहरांत आणि सून गांवीं, अशीं घरें अजूनही आहेत. गणपति, दिवाळी, गांवची जत्रा आणि उन्हाळ्यांतील एखादें लग्न, एवढ्याच काय त्या भेटी.

अशा घरांत लग्नाला दोन वर्षें झालीं, कीं हळदीकुंकवाच्या वेळीं शेजारीण हळूच विचारते, “कांहीं गोड बातमी?” तिसऱ्या वर्षीं हाच प्रश्न सासूबाई विचारतात, आणि त्यांच्या आवाजांत गोडवा राहिलेला नसतो. चौथ्या वर्षीं कोणी कांहींच विचारीत नाहीं. बारशाचीं बोलावणीं मात्र या सुनेला चुकवून जाऊं लागतात. नवस होतात, उपास होतात, अंगारे-धुपारे होतात, आणि तें सर्व बहुधा तिच्याच वांट्यास येतें. या चार वर्षांत पतिपत्नी एकत्र किती दिवस राहिलीं, त्यांतले गर्भधारणेस योग्य असे दिवस किती होते, आणि त्या सुमारास दोघांची राहणी कशी होती, हा हिशेब मात्र घरांतील कोणीच मांडीत नाहीं. वास्तविक पहिला हिशेब तोच आहे.

वैद्यकशास्त्र वंध्यत्वाचा विचार लग्नाच्या वर्षांवरून करीत नाहीं, तर सहवासाच्या महिन्यांवरून करतें. कोणताही प्रतिबंध न वापरतां, नियमित संबंध असतांना बारा महिने लोटले आणि तरीही गर्भ राहिला नाहीं, तर तपासणी करावी, असा सर्वमान्य दंडक आहे. स्त्रीचें वय ३५ वर्षांहून अधिक असेल तर सहा महिनेच थांबावें. ही अडचण विरळा नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील सहा माणसांपैकीं सुमारें एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां वंध्यत्वाचा अनुभव येतो. तेव्हां हें कोणाचें पाप नव्हे, कीं कोणा एकाचें दुर्दैवही नव्हे.

आतां दिवसांचें गणित पाहूं. स्त्रीच्या बीजकोशांतून महिन्यास साधारणपणें एक बीज बाहेर पडतें, तें पुढील पाळीच्या सुमारें १४ दिवस आधीं. तें जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहतें. पुरुषाचे शुक्राणु मात्र स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत जगूं शकतात. म्हणून बीज सुटण्याचा दिवस आणि त्यापूर्वींचे पांच, असे सहाच दिवस गर्भधारणेचे होत. अमेरिकेंत २२१ स्त्रियांच्या नोंदी ठेवून केलेल्या आणि १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें हीच गोष्ट दाखवून दिली. पाळी २८ दिवसांनीं येत असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेला नववा ते चौदावा, आणि ३२ दिवसांनीं येत असेल तर तेरावा ते अठरावा, असे हे दिवस ढोबळ मानानें धरतां येतात. पाळी अनियमित असेल तर हा अंदाज चुकतो, हें ध्यानांत ठेवावें.

हें गणित उंब्रजच्या त्या घराला लावून पाहावें. मुलगा वर्षांतून चार वेळां, प्रत्येक वेळीं चार दिवस घरीं येतो असें धरूं. त्या चार दिवसांची आणि सहा सुपीक दिवसांची गांठ पडण्याचा संभव तिनांत एकाच्या आसपास येतो. म्हणजे चार वर्षांतील सोळा भेटींपैकीं जेमतेम पांच भेटी उपयोगाच्या. निरोगी, तरुण जोडप्यासही प्रत्येक महिन्यांत गर्भ राहण्याचा संभव चारांत एकाहून फारसा अधिक नसतो. तेव्हां जगानें चार वर्षांची वांझ म्हणून जिच्याकडे बोट दाखविलें, तिच्या वांट्यास प्रत्यक्षांत पांच महिन्यांचीही संधि आलेली नसते! अशा घरीं पहिला उपाय औषधाचा नसून रजेच्या अर्जाचा आहे. कांहीं महिने दोघांनीं एकत्र राहावें, आणि सुपीक दिवसांत दिवसाआड संबंध ठेवावा. “शक्ति सांठविण्यासाठीं” पुरुषानें पुष्कळ दिवस दूर राहावें ही समजूत चुकीची आहे. फार दिवस सांठलेल्या शुक्राणूंची गति उलट मंदावते.

दुसरा हिशेब पुरुषाच्या प्रकृतीचा. पुरुषाचें तें बीज आणि स्त्री ही नुसती भूमि, या जुन्या कल्पनेनें पीक न आल्यास भूमीलाच दोष दिला. परंतु कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञानें १८२७ सालीं सस्तन प्राण्यांच्या मादीचें बीज प्रत्यक्ष दाखविलें, तेव्हांच ही कल्पना कोसळावयास हवी होती. बीज दोघांचें असतें. म्हणून दोषही दोघांपैकीं कोणांतही असूं शकतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वांटा असतो.

पुरुषाच्या शरीरांत एक शुक्राणु घडण्यास सुमारें ७४ दिवस लागतात, आणि तो पक्व होऊन बाहेर पडण्यास आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे एकंदर अवधि सुमारें तीन महिन्यांचा. आज तपासलेलें वीर्य तीन महिन्यांपूर्वींपासूनच्या शरीराची हकीकत सांगत असतें. चैत्रांत आलेल्या कडक तापाची खूण आषाढापर्यंत दिसूं शकते. त्याचप्रमाणें चैत्रांत सोडलेल्या व्यसनाचें फळही आषाढाच्या सुमारास पदरांत पडूं लागतें. चार दिवस पथ्य करून पांचव्या दिवशीं निराश होणाऱ्यांनीं हा अवधि विसरूं नये.

व्यसनांत या मुलखापुरता पहिला मान तंबाखूचा. पुरुष चुना लावून ती चघळतात, विडी ओढतात. स्त्रिया तव्यावर भाजून पूड केलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांस लावतात. आणि दांत घासण्याच्या निमित्तानें ती दिवसांतून तीन-चार वेळांही लागते. “आमची सून तंबाखू खात नाहीं, नुसती मिश्री लावते,” असें म्हणणाऱ्या घरांस हें कळलें पाहिजे कीं हिरड्यांवाटे तेंच निकोटिन रक्तांत जातें. वंध्यत्वाच्या तपासणीस आलेल्या, तंबाखू चघळणाऱ्या ६३८ पुरुषांचा एक अभ्यास २००५ सालीं प्रसिद्ध झाला. तंबाखूचें प्रमाण जसजसें अधिक, तसतशी शुक्राणूंची संख्या, गति आणि घडण अधिक खालावलेली, असें त्यांत आढळलें. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांस गर्भ राहण्यास विलंब लागतो आणि त्यांची पाळी इतरांहून लवकर थांबते, हेंही सिद्ध झालेलें आहे. गर्भ राहिल्यावरही तंबाखू पाठ सोडीत नाहीं. मुंबईंतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. धूररहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या मुलांचें वजन सरासरीनें १०५ ग्रॅमनें कमी भरलें, आणि प्रसूतिही सुमारें सहा दिवस अगोदर झाली. तेव्हां तंबाखू दोघांनींही, आणि पूर्णपणें, सोडावी.

दुसरी गोष्ट उष्णतेची. निसर्गानें पुरुषाचे वृषण शरीराबाहेर ठेवले आहेत, कारण शुक्राणूंच्या घडणीस शरीराहून दोन ते चार अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते. या भागांत ऊस पिकतो आणि गुऱ्हाळें लागतात. चुलाणांत जाळ घालणारा आणि काहिलीशीं उभा राहणारा गुळव्या तासन् तास आंच सोशीत असतो. सांगली जिल्ह्यांतील विटें-खानापूर भागांतून गलाईच्या, म्हणजे सोनें-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठीं देशभर गेलेल्या कारागिरांच्या नशिबींही भट्टीच आहे. भट्टीकाम, बेकरी, लांब पल्ल्याची मोटार हांकणें, मांडीवर संगणक ठेवून बसणें, कढत पाण्यांत बराच वेळ डुंबणें, दिवसभर घट्ट लंगोट किंवा तंग विजार वापरणें, या सर्वांचें तत्त्व एकच. पोटाचा धंदा सोडतां येत नाहीं. परंतु मधून मधून आंचेपासून दूर होणें, सैल सुती कपडे घालणें, एवढें तरी साधतें.

तिसरी गोष्ट नव्या व्यायामशाळांची. सातारा-सांगली-कोल्हापूर हा पैलवानांचा मुलूख. तालमींतील दूध, बदाम आणि जोर-बैठका यांनीं कोणाचें नुकसान होत नाहीं. परंतु शरीर लवकर फुगावें म्हणून कोणी पौरुष-संप्रेरकाचीं इंजेक्शनें आणि गोळ्या घेतात, त्यांची गोष्ट निराळी. बाहेरून संप्रेरक येऊं लागलें कीं मेंदूच्या तळाशीं असलेली ग्रंथि वृषणांस काम करण्याची आज्ञा देणें थांबविते. स्नायु वाढतात, आणि आंत शुक्राणु शून्यावर येऊं शकतात! इंजेक्शनें थांबविल्यावर बहुतेकांची स्थिति सुधारते. परंतु त्यास महिनेच नव्हे, कधीं वर्षाहून अधिक काळ लागतो.

मद्याविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, अति मद्यपान पुरुषाच्या वीर्यास बाधतें. आणि गर्भाच्या प्रतीक्षेंत असलेल्या स्त्रीनें तें मुळींच घेऊं नये हें उत्तम. चहाचा मात्र उगाच धाक बाळगूं नये. दिवसांतून दोन-तीन कप चहानें कांहीं बिघडत नाहीं. वजनाकडे लक्ष हवें. अति लठ्ठपणा आणि अति कृशता या दोहोंनीं बीज सुटण्याची क्रिया विस्कटते. बीजकोशांत बारीक गांठी दिसतात आणि पाळी लांबते, असा विकार हल्लीं पुष्कळ तरुणींत आढळतो. त्यांच्यापैकीं ज्यांचें वजन वाढलेलें असतें, त्यांत तें शेंकडा पांच ते दहा उतरल्यानेंही अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. याचा अर्थ उपासमार नव्हे. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी आणि रोजचें भरभर चालणें एवढा हा साधा मार्ग आहे.

पालेभाजीवरून एक मुंबईची हकीकत सांगितली पाहिजे. लुसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ सालीं मुंबईस आल्या. गिरणगांवांतील गरीब गर्भवती स्त्रियांत एक प्रकारचा तीव्र पांडुरोग होता. त्याचें कारण त्यांना शोधावयाचें होतें. किण्वापासून केलेला स्वस्त अर्क पोटांत देतांच या स्त्रियांत रक्त भरूं लागतें, असें त्यांना दिसलें, आणि १९३१ सालीं त्यांनीं तें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. तें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. पुढें १९९१ सालीं असें सिद्ध झालें कीं गर्भधारणेच्या आधींपासून हें द्रव्य घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्याचे आणि मेंदूचे कित्येक जन्मदोष टळतात. गर्भाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच बंद होतो, म्हणजे पुष्कळ स्त्रियांस दिवस गेल्याचें कळण्याच्याही आधीं. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी निदान एक महिना अगोदर सुरू करावी, आणि डॉक्टरांना विचारून पुढें चालूं ठेवावी.

येथवर राहणीविषयीं झालें. परंतु राहणी सुधारली म्हणजे मूल होईलच, असें वचन कोणी देऊं नये, आणि मूल झालें नाहीं म्हणून राहणीवर खापरही फोडूं नये. बीजवाहिन्या बंद असणें, गर्भाशयाचा क्षय, थायरॉइडचे विकार, वृषणाच्या शिरा फुगणें, यांस वैद्यकीय उपचारच लागतात. “मन शांत ठेव म्हणजे मूल होईल” हा उपदेश देणाऱ्यास फुकट पडतो, घेणारीस मात्र तो नवा दोषारोप वाटतो.

म्हणूनच तपासणी पहिल्या दिवसापासून दोघांची व्हावी. वीर्याची तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. स्त्रीच्या तपासण्या तुलनेनें खर्चाच्या आणि कष्टाच्या आहेत. तरीसुद्धां सुनेवर एकामागून एक चाचण्या होतात, आणि मुलाला एका बाटलीचा संकोच वाटतो! रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून शरीराविषयीं मोकळेपणानें बोलण्याची शिकवण दिली, आणि त्यापायीं न्यायालयाची पायरीही चढली. तो संकोच अजून सुटलेला नाहीं, आणि त्याची किंमत बहुधा निरपराध स्त्री देते. कधीं माहेरीं परत धाडली जाऊन, तर कधीं आपल्याच घरांत परकी होऊन.

उंब्रजच्या त्या घरांत भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असेलच. सासूबाई तिच्यावर चतुर्थी आणि एकादशी पाहतात. तीन महिन्यांकरितां तिचा आणखी एक उपयोग व्हावा. सुनेनें पाळीच्या तारखा आणि मुलानें तंबाखू सोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. सुपीक दिवस पाहून रजेची तारीख ठरवावी, आणि दोघांनीं मिळून डॉक्टरांकडे जाण्याचीही तारीख तिथेंच मांडावी. मूल होणें न होणें सर्वस्वीं कोणाच्याच हातीं नाहीं. परंतु तें ओझें एकटीच्या खांद्यावर न ठेवतां दोघांनीं उचलणें, एवढें तर प्रत्येक घराच्या हातीं आहे.