प्लेअर रिमोट घेत नाही तेव्हा

डीव्हीडी प्लेअरच्या तोंडावर बटणं असतात चार-पाच. ट्रे बाहेर काढायचा, डिस्क सुरू करायची, थांबवायची, फार तर पुढे-मागे. बाकी सगळा कारभार रिमोटकडे. मेन्यूत खाली-वर जायचं, सेटअप उघडायचं, सबटायटल लावायचं, यातलं काहीच रिमोटवाचून होत नाही. म्हणून रिमोट बंद पडला की धडधाकट प्लेअरसुद्धा घरच्यांच्या लेखी गेलेला ठरतो आणि माळ्यावर जातो. मला हे मनापासून खटकतं, कारण त्यातले बरेचसे प्लेअर बिघडलेले नसतातच.

मिरजेत हे जास्त खटकावं असं आहे. इथल्या पुष्कळ घरांतला डिस्कचा डबा हा सिनेमांचा डबा नसतो. हे गाण्याचं गाव आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात गाणं होतं, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. गाण्याच्या क्लासचे कार्यक्रम, घरगुती बैठका, लग्न-मुंजी यांची चित्रणं व्हिडिओवाल्यांनी २००० नंतरच्या दशकात व्हीसीडी-डीव्हीडीवर करून दिली. बाजारातला सिनेमा आज दहा ठिकाणी मिळेल. ही चित्रणं त्या एका चकतीवरच आहेत.

ब्राह्मणपुरीतल्या माझ्या मावशीकडे अशाच डिस्क आहेत. तिने आयुष्यभर गाणं शिकवलं. तिच्या एका डिस्कवर प्रत्येक रागाचं वेगळं टायटल आहे. प्लेअरवरचं बटण दाबलं की पहिला राग लागतो आणि दुसऱ्याकडे जायला रिमोटच हवा. तो रिमोट आधी अडखळायला लागला, मग बंद पडला. नवे सेल घालून झाले. मार्केटजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला तर त्याने एवढंच सांगितलं, “नुसता रिमोट आणू नका. प्लेअर पण घेऊन या.”

ही अट मला पुढे फार मोलाची वाटली. रिमोट बोलतो आणि प्लेअर ऐकतो. तक्रार नेहमी बोलणाऱ्याबद्दल येते, पण दोष ऐकणाऱ्याचाही असू शकतो, नाहीतर दोघांच्या मधल्या खोलीचा.

टेबलावर दोन्ही वस्तू ठेवल्या तरी त्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला नाही. आधी विचारलं, “सगळी बटणं गेल्यात का ठरावीकच? जवळनं घेतोय का? पाण्यात, चहात पडलावता का?” या प्रश्नांत अर्धं निदान असतं. रिमोटमधल्या प्रत्येक बटणाला स्वतंत्र वायर नसते. बटणं आडव्या-उभ्या ओळींत बांधलेली असतात. एकच बटण मेलं असेल तर त्याच्या रबराखालचा कार्बन झिजलाय. एक आख्खी ओळ मेली असेल तर पट्टीवरची रेघ तडकली आहे किंवा चिपचा पाय सुटलाय. सगळीच मेली असतील तर सेल, स्प्रिंग, क्रिस्टल किंवा दिवा. आणि सगळी बटणं फक्त हातभर अंतरावरून चालत असतील तर प्लेअरकडे बघायचं. मावशीच्या रिमोटची उजवी बाजू पूर्ण बंद होती, डावीकडची बटणं जवळून कशीबशी चालत होती. म्हणजे एकाच तक्रारीत दोन रोग होते, आणि दुरुस्तीवाल्याने ते न उघडताच ओळखले.

मग मोबाइलचा कॅमेरा. रिमोटच्या टोकाचा दिवा साधारण ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सोडतो. आपले डोळे सातशेच्या आसपास थांबतात, कॅमेऱ्याला मात्र त्याच्या पुढचंही थोडं दिसतं. बटण दाबून धरलं की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा कॅमेरा लावून बघावा, पुष्कळ फोनांत मागच्या भिंगापुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते. ठिपका अजिबात दिसला नाही तर दुरुस्तीवाल्याकडे दुसरी परीक्षा आहे. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि रिमोट त्याला चिकटवून बटण दाबायचं. रेडिओतून टर्रर्र आवाज आला तर रिमोटचं पोट चालू आहे, फक्त दिवा किंवा त्याचा ट्रान्झिस्टर गेलाय. रेडिओही गप्प राहिला तर दोष आत खोल आहे. अशा वेळी पहिला संशय क्रिस्टलवर. बऱ्याच रिमोटमध्ये तो ४५५ किलोहर्ट्झचा असतो आणि चिप त्याला बाराने भागून दिव्याच्या लुकलुकण्याचा वेग ३८ किलोहर्ट्झच्या जवळ आणते. रिमोट फरशीवर आपटला की आतली सिरॅमिकची चकती तडकते. वरून बघायला काही फुटलेलं दिसत नाही, म्हणून लोक चक्रावतात.

सेल मोजण्याची त्याची पद्धतही शिकण्यासारखी. सेल बाहेर काढून मीटर लावला तर थकलेला सेलही दीड व्होल्टच्या जवळचा आकडा दाखवतो. म्हणून सेल आत ठेवूनच, बटण दाबलेलं असताना मोजायचं. दिवा पेटतो त्या क्षणी खरा भार येतो आणि दमलेला सेल तिथेच बसतो. मावशीचे सेल ठीक होते, पण एका स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर होता. जुन्या सेलची गळती. ती त्याने पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली.

रिमोट उघडताना पात्याची धार कडेला घालून तो हळूहळू फिरवत गेला. आतलं दृश्य ओळखीचं निघालं: पट्टीवर तेलकट, चिकट थर. ही घाण हाताची असते तशी रबराचीही असते. सिलिकॉनच्या रबरातून वर्षानुवर्षं बारीक तेल पाझरतं आणि कार्बनच्या दोन टोकांच्या मध्ये बसतं. रबराची चादर साबणाच्या कोमट पाण्यात धुतली आणि पूर्ण वाळू दिली. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसली. थिनरला त्याने हातही लावला नाही, थिनरने प्लास्टिक विरघळतं आणि कार्बनही निघून येतो. दोन बटणांचे कार्बन ठिपके मीटरवर फार मोठा रोध दाखवत होते. तिथे त्याने भंगारातल्या एका रिमोटचे ठिपके कापून चिकटवले. अ‍ॅल्युमिनियमची चांदी चिकटवण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, चालतोही, पण काही महिन्यांत निकामी होतो. त्याच्या भंगाराच्या डब्याची किंमत तेव्हा कळली.

रिमोट जोडला, उजवी बाजू जिवंत झाली. अंतर मात्र हातभरच राहिलं. आता पाळी प्लेअरची.

पुढच्या काळ्या-लालसर काचेमागे तीन पायांचा एक दाणा बसलेला असतो. दुरुस्तीवाले त्याला सेन्सर म्हणतात. त्याचं काम थक्क करणारं आहे. खोलीत अवरक्त किरण सगळीकडे आहेत: उन्हात, गॅसच्या ज्योतीत, आपल्या अंगातही. त्या गदारोळात तो सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाश तेवढा वेचतो. इथल्या सतारमेकर गल्लीत तयार झालेल्या सतारीची तरफेची तार जशी फक्त तिच्याच स्वराला झंकारते, तसंच हे. मग त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांतून आकडे वाचले जातात. सर्वात रूढ पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांची हाक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. त्यात यंत्राचा क्रमांक आणि त्याचाच उलटा, बटणाचा क्रमांक आणि त्याचाही उलटा. दोन्ही जुळले तरच आज्ञा मानायची. स्वस्तातल्या स्वस्त प्लेअरमध्येही एवढी काळजी घेतलेली असते.

हे अवरक्त किरण १८०० साली विल्यम हर्शेलला सापडले, लोलकातून पडलेल्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे ठेवलेला तापमापक चढला तेव्हा. हर्शेल खगोलशास्त्रज्ञ होण्याआधी पेशाने संगीतकार होता, हे मिरजेत आवर्जून सांगावंसं वाटतं. आणि ३८ हजारांची ही युक्ती का लागते ते १९५५ च्या झेनिथ कंपनीच्या ‘फ्लॅश-मॅटिक’मुळे समजतं. तो साध्या प्रकाशाच्या झोतावर चालणारा रिमोट होता आणि टीव्हीवर ऊन पडलं की चॅनेल आपोआप बदलायची.

सेन्सरला ५ व्होल्ट मिळत होते. आउटपुटच्या पायावर मीटर लावला. निवांत असताना तिथे आकडा ५ च्या जवळ स्थिर राहायला हवा आणि रिमोट दाबला की खाली येऊन थरथरायला हवा. इथे तो रिमोट न दाबताच थरथरत होता. सेन्सरशेजारचा छोटा कपॅसिटर सुकला होता, त्यामुळे पुरवठ्यातला गोंगाट सेन्सरपर्यंत येत होता. गोंगाटात सेन्सर स्वतःची संवेदनक्षमता कमी करून घेतो, म्हणून लांबचं ऐकू येत नाही. नवा कपॅसिटर लावताच प्लेअर दुकानाच्या दारातून रिमोट घ्यायला लागला. सेन्सरच बदलावा लागला असता तरी तो फार महाग नाही. मात्र १७३८ आणि ४८३८ या दोन प्रचलित नंबरांच्या पायांचा क्रम वेगळा असतो, आणि न बघता लावला तर नवा सेन्सरही जळू शकतो.

निघताना त्याने बजावलं, “घरात वरची ट्यूब बंद करून पण बघा की.” संध्याकाळी मावशीकडे तेच झालं. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब लावली की रिमोट अडखळायचा, बंद केली की सरळ चालायचा. असले चोक ट्यूबला ज्या वेगाने वीज देतात तो बरेचदा ३८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. प्लेअर कपाटाच्या खालच्या फळीवर सरकवला आणि प्रश्न मिटला.

नवा रिमोट घेऊन काम भागलं असतं का? या घरात नसतं भागलं, दोन दोष रिमोटच्या बाहेर होते. शिवाय बाजारात हुबेहूब दिसणारा रिमोट मिळतो पण आतला क्रमांक निराळा निघतो, तर कधी दिसायला अगदी वेगळा रिमोट बिनचूक चालतो. म्हणून रिमोट घ्यायलाही प्लेअर सोबत न्यावा.

घरी करण्यासारखं एवढं जरूर करा. सेल बदला, स्प्रिंग घासा, कॅमेऱ्यात दिवा बघा, ट्यूब बंद करून बघा, सोफ्याच्या उशीखाली दुसऱ्या एखाद्या रिमोटचं बटण दबून राहिलं नाही ना ते बघा. प्लेअर मात्र स्वतः उघडू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतात. प्लेअर बरेच दिवस लावणार नसाल तर रिमोटमधले सेल काढून ठेवा. आणि रिमोट चालू झाला की सर्वात आधी घरच्या चित्रणांच्या डिस्क संगणकावर उतरवून घ्या. घरी लिहिलेल्या डिस्कवरचा रंगाचा थर वर्षांनुवर्षं फिका होत जातो आणि एकदा तो गेला की कुठलाच दुरुस्तीवाला ते गाणं परत आणू शकत नाही.