कापलेली नखं

माझ्याकडं निजामाच्या राज्यातली 61 पोस्टाची तिकिटं आहेत. आठवीत असताना माडीवर आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा हाती लागला, तेव्हाची ही कमाई. आईची शिवणाची कात्री घेतली, पाकिटांचे कोपरे कापले, परातीत पाणी घेऊन तुकडे भिजत घातले, सुटून आलेली तिकिटं वर्तमानपत्रावर वाळवली आणि गणिताच्या जुन्या वहीत खळ लावून चिकटवली. उरलेले कागद बंबात गेले. त्या वहीचा मला तीस वर्षं अभिमान होता.

गेल्या दिवाळीत ती वही काखेत मारून मी रेणापुरातल्या एका निवृत्त गुरुजींकडं गेलो. बाहेरगावचे लोक रेणापूरला येतात ते रेणुकादेवीच्या दर्शनाला आणि देवळातली हलती दीपमाळ बघायला. गुरुजींकडं येणारे वेगळे. कुणाच्या हातात बिस्किटाचा डबा, कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच : किती येतील?

"आधी हात धुऊन ये. साबण लाव," गुरुजी म्हणाले. बोटाला तेल असतं, ते कागदात उतरतं आणि दहा वर्षांनी डाग होऊन वर येतं. स्वतः ते तिकिटाला बोट लावतच नाहीत. चपट्या टोकाचा चिमटा त्यांच्या हातात इतका बसलाय की चहाचा कप उचलतानाही तो डाव्या हातात जातो, खाली ठेवला जात नाही. त्यांनी वहीचं पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, भिंग खाली ठेवलं.

"पाकिटं कुठायत?"

"जाळली."

"सगळी?"

"सगळी, गुरुजी."

"मग हे काय उरलंय बाबा? कापलेली नखं."

त्या वाक्यानं मी तिथं चार दिवस बसलो. सुट्टी होतीच. हे काम नेमकं चालतं कसं, हे एकदा नीट बघावं असं वाटलं.

गुरुजी सकाळी बसतात आणि अकराला उठतात. खिडकीजवळ, ऊन अंगावर येणार नाही अशा बेतानं. तिकिटाचा रंग ट्यूबलाइटखाली ठरवायचा नाही हा त्यांचा दंडक. करडा हिरवा आणि पिवळट हिरवा यांत किमतीचा फरक पडू शकतो आणि ट्यूब दोन्हींना सारखंच फिकं करते. टेबलावर फार काही नसतं. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, दाते मोजायचं गेज, कसल्याशा बरणीचं काळं झाकण, लायटरच्या पेट्रोलची बाटली आणि पाठीमागं पानं सुटलेला एक स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग.

गेज म्हणजे साधी पट्टी. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तेवढं ती सांगते. चित्र तेच, रंग तोच, पण छिद्रांचा आकडा वेगळा निघाला तर छपाई वेगळी. काळ्या झाकणाचं काम जास्त बघण्यासारखं. तिकीट त्यात पालथं ठेवायचं आणि वरून पेट्रोलचा एक थेंब सोडायचा. कागद ओला होतो आणि त्याच्या पोटातला वॉटरमार्क दोन-तीन सेकंद काळसर उमटतो. निजामाच्या एका अर्धा आण्याच्या तिकिटात माझ्या डोळ्यांदेखत उर्दू अक्षरं वर आली, थरथरली आणि पेट्रोल उडालं तशी गेली. मी पुन्हा दाखवा म्हणालो. "खेळ नाही हा," गुरुजी म्हणाले, पण दाखवलं. गांधीजींच्या 1948च्या तिकिटांना मात्र ते हा थेंब लावत नाहीत. त्यांची छपाई फोटोग्रॅव्हुअर पद्धतीची, स्वित्झर्लंडमध्ये झालेली. तिला पेट्रोल सोसवत नाही.

तिकिटं बघायला लागलं की आपण कुठल्या राज्यात राहत होतो ते आठवायला लागतं. हैदराबाद संस्थानचं पहिलं तिकीट 1869चं. त्या वेळी लातूरकडचा हा सगळा मुलूख निजामाचा. 1871 पासून निघालेल्या तिकिटांवर किंमत ज्या लिप्यांत छापली आहे त्यात आपली देवनागरीही आहे, कारण हा कागद मराठवाड्यातही खपायचा होता. 1931 साली चित्रांची मालिका आली : एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा चाँदमिनार. या सहा चित्रांतली दोन आपल्याकडची. ही सगळी किंमत हाली सिक्क्यात, इंग्रजी कलदारात नाही. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. आमच्या आजीच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द होते, पण ते तिकिटालाही लागू होते हे मला गुरुजींकडं कळलं.

आणखी एक कळलं. निजामाचं तिकीट फक्त निजामाच्या हद्दीत चालायचं. म्हणजे लातूरहून हैदराबादला, एवढ्या लांब, पत्र धाडायला संस्थानचं तिकीट पुरे. पण शेजारच्या बार्शीला पाठवायचं तर इंग्रजांचं तिकीट लागायचं, कारण बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, इंग्रजी अंमलाखालची. बार्शी लाइट रेल्वेच्या डब्यात बसून माणूस सरळ जायचा, पत्राला मात्र सरहद्द आडवी यायची. त्यामुळं या भागातल्या एखाद्या अडत्याच्या दप्तरात दोन्ही राजांची तिकिटं सापडतात आणि कुठलं पत्र कुठं गेलं हे पत्ता वाचण्याआधी तिकीटच सांगतं.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या वाड्यातून डालड्याचा डबा आला. वाडा पाडायला काढलेला, वारसांना रद्दीत द्यायच्या आधी खात्री हवी होती. वर पावत्यांची चवड. एका पावतीवर हिरवं अर्ध्या आण्याचं तिकीट आणि त्याच्यावरून आडवी, तिकीट-कागद दोन्ही पकडून केलेली मोडीतली सही. या तिकिटाचं नाव 'पोस्ट अँड रिसीट', 1915च्या सुमाराचं. तेच पत्राला लावा, तेच पावतीला. सरकारनं दोन्ही कामं एकात भागवली. वारस खुश झाले, शंभर वर्षांचं म्हणून. गुरुजींनी मान हलवली. पेनानं रद्द झालेलं तिकीट पोस्टातून गेलेलंच नाही. तिकीट गोळा करणारा ते घेत नाही. "पण पावती ठेवा. खळ्यावरच्या मालाची आहे, भाव लिहिलाय."

त्याच डब्याच्या तळाशी एक पाकीट होतं. बारीक, पिवळं पडलेलं, मधे घडी. तिकीट साधंच, असली सुटी तिकिटं शंभराच्या पुडीनं विकतात. मी ते बाजूला सरकवणार, तेवढ्यात गुरुजींनी चिमट्यानंच माझा हात थांबवला. पाच-सात मिनिटं ते त्या शिक्क्यावर वाकून बसले. त्यांच्या वडिलांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, अक्षरं त्यांनी घरीच शिकलेली. शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर होता. आतल्या पत्रावर तारीख होती, 1949च्या जानेवारीची.

"आता सांग. हैदराबादेत पोलिस ॲक्शन कधी?"

"सप्टेंबर 1948. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली."

"मग जानेवारीत हे तिकीट कसं?"

तर असं, की आपण स्वतंत्र झालो तरी टपालखातं भारताच्या टपालात मिळालं 1 एप्रिल 1950ला. मधलं दीड वर्ष मराठवाड्यातली माणसं निजामाच्याच तिकिटावर एकमेकांना मुक्तीच्या बातम्या कळवत होती. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर पाकीट असणं वेगळं. तेच तिकीट भिजवून काढलं असतं तर पुडीतलं शंभरावं. पाकिटावर शिक्क्यासकट राहिलं म्हणून ते टिपण झालं. किंमत विचारली तर गुरुजी आकडा सांगत नाहीत. "घेणारा भेटला तर चांगली, नाही भेटला तरी फाडू नका" एवढंच वारसांना म्हणाले.

हा आकड्याचा विषय तिसऱ्या दिवशी आला, थेट अमेरिकेहून. गावातल्या एका मुलाचा थोरला भाऊ तिकडं नोकरीला. त्यानं कुठल्याशा घरगुती विक्रीत जुन्या तिकिटांचं पाकीट घेतलं आणि त्यातल्या एकाचा फोटो धाडला : जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र, दहा सेंट, कडेला दाते नाहीत. त्यानं शोधून काढलेलं खरंही होतं. अमेरिकेची पहिली सार्वत्रिक तिकिटं 1 जुलै 1847ची, पाच सेंटांवर बेंजामिन फ्रँकलिन आणि दहा सेंटांवर वॉशिंग्टन. पाच सेंटांत अर्ध्या औंसाचं पत्र तीनशे मैलांपर्यंत, त्याच्यापुढं दहा. छिद्रं पाडायची सोय तिकडं 1857ला आली, त्यामुळं ही कात्रीनं कापून द्यायची आणि चारही बाजूंचा समास शाबूत राहिलेलं तिकीट दुर्मिळ. 1851च्या जुलैपासून ती चालेनाशी केली. धाकट्यानं मोबाइल टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या मनात निदान प्लॉट तरी झालेला होता.

गुरुजींनी फोटो मोठा केला नाही की काही नाही. "रंग कुठला दिसतोय?"

"तांबूस. नारिंगीकडं."

"दहा सेंट काळं होतं."

1947 साली अमेरिकी टपालखात्यानं शंभर वर्षं झाली म्हणून या दोन तिकिटांची नक्कल एका छोट्या कागदावर छापली, न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी. खऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून रंग मुद्दाम बदलले : मूळ तपकिरी पाच सेंट निळं केलं आणि मूळ काळं दहा सेंट तांबूस नारिंगी. असंख्य छापली. कुणीतरी त्यातलं वॉशिंग्टन कापून काढलेलं. कापलं नसतं तर अख्ख्या कागदाला थोडी तरी किंमत होती. इथंही कात्रीच.

"पण गुरुजी, तुम्ही अमेरिकेचं खरं तिकीट कधी हातात घेतलंय का?" मुलगा थोडा चिडून म्हणाला. गुरुजी हसले. नाही घेतलेलं. कॅटलॉग वाचायला तिकीट लागत नाही, म्हणाले.

कॅटलॉगच्या आकड्यानं फसलेले लोक त्यांनी बरेच बघितलेत. तो आकडा चांगल्या अवस्थेतल्या तिकिटाचा असतो आणि तो दुकानदार विकतो त्याचा, घेतो त्याचा नाही. कोपरा मुडपलेला, मागं पातळ झालेलं, दाता तुटलेला, शिक्का थोबाडावर बसलेला, चित्र एका बाजूला सरकलेलं, प्रत्येकाला कात्री लागत जाते. शिवाय गांधीजींचं दहा रुपयांचं. 15 ऑगस्ट 1948ला निघालेल्या या तिकिटाच्या सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' असं वरून छापलेल्या फक्त 100 प्रती केल्या होत्या आणि त्यातल्या चारांची पट्टी 2017 साली ब्रिटनमध्ये पाच लाख पौंडांना गेली. ती बातमी आली तेव्हापासून घराघरातून गांधीजी निघतायत. गुरुजींकडं आलेले आजवर सगळे साधे, आणि एकावर तर 'सर्व्हिस' कुणी शिक्क्यानं उमटवून आणलेलं. निजामाच्या तिकिटांवरही उर्दूत 'सरकारी' छापलेलं मिळतं आणि त्यातही खोटी आहेत. शब्द चार अक्षरांचा, छापायला किती वेळ लागतो?

मला खरं तर या किमतींच्या गोष्टींचा लवकर कंटाळा आला. माझं लक्ष माझ्या वहीकडं होतं. शेवटच्या दिवशी गुरुजींनी ती परत उघडली, आठ आण्याच्या अजिंठ्याशी थांबले.

"साध्या पत्राला आठ आणे लागत नव्हते. हे कसल्या पाकिटावर होतं? जड होतं? रजिस्टर होतं? कुठनं आलेलं?"

मला आठवेना. कापताना मी कोपराच बघितला होता. आजोबांना कुणीतरी आठ आणे खर्चून काहीतरी पाठवलं, ते कोर्टाचं होतं की लग्नाचं की कुणाच्या अटकेचं, ते मी पाण्यात सोडवून टाकलं.

निघताना त्यांनी आपला अल्बम दाखवला. प्रत्येक पानावर एक अख्खं पाकीट, खाली पेन्सिलीनं गावाचं नाव : लातूर, औसा, उदगीर, निलंगा, अहमदपूर. मधे एक पान कोरं. खाली लिहिलेलं, रेणापूर. गावाचा पत्ता असलेलं, निजामाचं तिकीट लावलेलं, न कापलेलं एक पाकीट ते चाळीस वर्षं शोधतायत. आजोबांना आलेली पत्रं याच पत्त्यावरची होती. गुरुजींनी मला ते पान दाखवलं, बोलले काही नाहीत. उलटून टाकलं.

मराठवाड्यात अजून पाडायचे वाडे आहेत, माड्यांवर ट्रंका आहेत. पितृपक्षात किंवा दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याकडं जुनी पत्रं निघाली तर ती ओली करू नका, तिकीट सोडवू नका, सेलोटेप लावू नका. वर्तमानपत्राच्या घडीत नव्हे, साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून सुक्या जागी ठेवा आणि वाचता येणाऱ्याला दाखवा. पत्त्यात रेणापूर असेल तर गुरुजींचं ते पान अजून कोरंच आहे.