मुंबई कीं पुणें?

मुलाचें शिक्षण संपलें आणि सुदैवानें दोन ठिकाणांहून नोकरीचीं बोलावणीं आलीं, एक मुंबईचें व दुसरें पुण्याचें, म्हणजे आपल्या घरांतून जो वाद सुरू होतो त्यास सहसा शेवट नसतो. आजोबांस पुण्याची हवा आठवते, मामांस मुंबईचा पगार दिसतो, आणि ज्याला जावयाचें आहे त्याचें मत मात्र सर्वांच्या शेवटीं विचारलें जातें. त्याच्या पत्नीचें तर पुष्कळदां विचारलेंच जात नाहीं. हा वाद विनोदापुरता असेल तर त्याचें आम्हांस कांहींच वाटत नाहीं. परंतु ह्या एका निर्णयावर पुढील तीस वर्षांचा संसार, घराचें कर्ज, मुलांचें शिक्षण आणि वृद्धांची शुश्रूषा हें सारें अवलंबून असतें. म्हणून त्याचा विचार गांवाभिमान बाजूस ठेवून केला पाहिजे.

आपल्या शास्त्रकारांनीं संसाराच्या चिंतेस 'योगक्षेम' असा एक नेमका शब्द योजिला आहे. जें मिळालेलें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हें क्षेम. जुन्या पिढीची समजूत अशी कीं, योगासाठीं मुंबई व क्षेमासाठीं पुणें. कोंकणांतला वा देशावरला तरुण मुंबईस जाऊन चार पैसे मिळवी, आणि पेन्शन घेतल्यावर सदाशिव पेठेंत किंवा डेक्कन जिमखान्यावर येऊन राही. एके काळीं ही विभागणी बरीचशी खरी होती. आज ती तशी राहिलेली नाहीं, आणि जुन्या समजुतीवर नवा निर्णय उभारणें हेंच कित्येक कुटुंबांच्या मनस्तापाचें मूळ आहे.

प्रथम योगाचा विचार करूं. मुंबईचें वैभव बंदर, गिरण्या आणि पेढ्या यांवर उभें राहिलें. त्यांपैकीं गिरण्यांचें युग १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर ओसरत गेलें, आणि गिरणगांवांत आज धुराड्यांच्या जागीं कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. पेढ्यांचा व्यवहार मात्र वाढतच गेला. १८६२ पासूनचें उच्च न्यायालय, १८७५ मध्यें स्थापन झालेला शेअरबाजार आणि १९३७ मध्यें कायमची मुंबईस आलेली रिझर्व्ह बँक यांच्या भोंवतीं बँका, विमा, वकिली, हिशेबतपासणी हे व्यवसाय दाटले. चित्रपट व जाहिरात यांचेंही माहेरघर तेंच. पुण्याचा उदय निराळ्या मार्गानें झाला. १९५४ मध्यें पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, पुढील काळांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथें मोटारी व स्कूटर यांचे कारखाने आले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथें संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९५० मध्यें उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि लष्कराच्या संशोधनसंस्था आहेतच. म्हणजे यंत्रविद्या वा संगणक शिकलेल्या मुलास केवळ पोटासाठीं घाट उतरण्याचें कारण उरलेलें नाहीं. उलट कायदा किंवा मोठा अर्थव्यवहार यांत ज्यास नांव काढावयाचें आहे, त्यानें मुंबईकडे पाठ फिरविणें म्हणजे आपल्याच हातानें आपली वाट लांबविणें होय.

क्षेमाच्या बाबतींत तर समजुतींची उलटापालट झाली आहे. पुण्याची उंची सुमारें साडेपांचशें मीटर, पाऊस मुंबईच्या एकतृतीयांशाच्या आसपास, रात्री बहुधा थंड. हें निसर्गाचें देणें अजून आहे. पण टांग्यांचें व सायकलींचें पुणें आतां नाहीं. २०२१ मध्यें तेवीस गांवें आंत घेतल्यावर त्याची महापालिका क्षेत्रफळानें बृहन्मुंबईपेक्षांही मोठी झाली. आणि कडेच्या उपनगरांतील कित्येक सोसायट्यांस उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो. मेट्रो २०२२ मध्यें सुरू झाली, तरी बहुतेकांचा संसार अजून दुचाकीवरच चालतो. ज्यांस दुचाकी चालवितां येत नाहीं, अशा सत्तरीच्या गृहस्थास किंवा गृहिणीस धायरीहून कँपांत जाणेंही रिक्षावाल्याच्या मर्जीवर असतें.

मुंबईचें तसें नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली आगगाडी धांवली, आणि पुढें तें शहर रुळांच्या कडेनेंच वाढलें. लोकलची गर्दी भयंकर आहे, दारांत लोंबकळणाऱ्यांचे प्राणही जातात, हें खरें. परंतु पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाडी मिळते, स्त्रियांस स्वतंत्र डबे असतात, आणि रात्रीं नऊ-दहा वाजतां कामावरून एकटी परतणारी मुलगी तेथें कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीं. सून किंवा मुलगी नोकरी करणारी असेल, तर ही गोष्ट हवापाण्यापेक्षां लहान समजूं नये.

मुंबईचें खरें दुखणें जागेचें. गिरगांव-दादरच्या चाळींतील मंडळी पार्ल्यास गेली, त्यांचीं मुलें डोंबिवलीस, आणि नातवंडें आतां बदलापूर-विरारकडे घरें शोधीत आहेत. मुंबईंत नोकरी मिळाली म्हणजे मुंबईंत राहावयास मिळालें असें नव्हे. जातां-येतां मिळून रोज तीन तास गेले आणि वर्षाचे कामाचे दिवस दोनशें ऐंशी धरले, तर ८४० तास होतात. म्हणजे वर्षांतील ३५ अहोरात्र केवळ प्रवासांत. तीस वर्षांच्या नोकरींत ही बेरीज तीन वर्षांच्या घरांत जाते. पगाराच्या आंकड्यांतून ही वजाबाकी कोणी करीत नाहीं. पुण्यासही हाच हिशेब लागू आहे. हडपसरास घर आणि हिंजवडीस कचेरी असली, तर पुणेंकरासही हेंच गणित मांडावें लागतें.

कित्येक जण दोन्ही शहरें एकदम साधूं पाहतात. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली दख्खनची राणी सुमारें सव्वातीन तासांत मुंबई गांठते, आणि पास काढून रोज जा-ये करणारे तिच्यांत पुष्कळ असतात. तारुण्यांत दोन-चार वर्षें हें निभतें. पण आम्ही शाळेंत असतांना अशा घरांतलीं मुलें जवळून पाहिलीं आहेत. त्यांस वडील भेटत ते रविवारीं, आणि प्रगतिपुस्तकावर सही नेहमीं आईची असे.

राहिला प्रश्न संस्कृतीचा. पुण्याची भाषा तेवढी शुद्ध, असें मानणाऱ्यांनीं थोडा इतिहास पाहावा. न्यायमूर्ति रानडे शिकले मुंबईस, १८७१ मध्यें न्यायाधीश होऊन पुण्यास आले, आणि १८९३ मध्यें उच्च न्यायालयावर नेमणूक होऊन पुन्हां मुंबईस गेले. अण्णासाहेब कर्वेही मुंबईंत शिकून १८९१ मध्यें फर्ग्युसन कॉलेजांत आले. त्यांनीं १९१६ मध्यें पुण्यास काढलेल्या महिला विद्यापीठास मोठी देणगी मिळाली ती मुंबईच्या ठाकरसी घराण्याची, आणि १९३६ मध्यें त्याचें मुख्य ठाणें मुंबईसच गेलें. पुण्यास १८४८ पासून नगर वाचन मंदिर आहे, तसें मुंबईस १८९८ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नातवंडांचें मराठी टिकेल तें घरांतल्या बोलण्या-वाचण्यानें. त्यासाठीं शहर बदलण्याची गरज नाहीं.

तेव्हां आमचें सांगणें इतकेंच. आधीं व्यवसाय पाहावा, आणि तो एकट्या मुलाचा नव्हे, पतिपत्नी दोघांचा. मग घर व कचेरी यांतील अंतर मैलांनीं न मोजतां मिनिटांनीं मोजावें. पाऊण तासापलीकडे तें जात असेल तर अधिक पगाराचा मोह विचारपूर्वकच धरावा. पहिलें वर्ष भाड्यानें राहावें, आणि एक पावसाळा पाहिल्यावांचून घर विकत घेऊं नये. पुण्यानें १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचा प्रलय पाहिला, आणि मुंबईंत २६ जुलै २००५ रोजीं एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नदी, ओढा, नाला कोठून वाहतो हें दोन्हीं शहरांत सारख्याच काळजीनें विचारावें.

शेवटीं एक शब्द आमच्या वयाच्या वाचकांसाठीं. मुलांनीं आपल्याजवळ राहावें असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आपल्या म्हातारपणाच्या सोयीस 'पुण्याची हवा' हें नांव देऊं नये. आधाराची गरज असेल तर ती मोकळेपणानें बोलून दाखवावी, म्हणजे मुलांसही ती हिशेबांत धरतां येईल. न बोललेली अपेक्षा मनांत ठेवून घेतलेला निर्णय दोन्ही पिढ्यांस पुढें जड जातो, मग घर घाटाच्या वर असो कीं खालीं.