सरोवराखालचें गांव

एखादें गांव सरोवराच्या कांठीं असावें यांत नवल नाहीं. तें सरोवराच्या खालीं असावें, हें मात्र नवल खरें! पूर्व चीनमधील जिआंग्सू प्रांतांतला गाओयोऊ परगणा असा आहे. १९९१ पासून त्याची गणना शहरांत होते.

इ. स. पूर्वीं २२३ मध्यें छिनच्या राजानें येथें उंच चौथऱ्यावर टपालाचें ठाणें बांधलें; त्यावरून 'उंच ठाणें' हें नांव पडलें. पूर्वेस गांव, पश्चिमेस सरोवर आणि मधून चीनचा सुप्रसिद्ध महाकालवा. ११९४ सालीं पीत नदी हुआई नदीच्या पात्रांत शिरली. तिच्या गाळानें हुआईची समुद्राकडील वाट बुजत गेली. तुंबलेलें पाणी दक्षिणेकडे लोटलें आणि येथील लहान लहान तळीं मिळून एक सरोवर झालें. तळ उंचावला, तसे बांधही उंचावावे लागले. १८५५ सालीं पीत नदी उत्तरेकडे वळली; गाळ तेवढा मागें राहिला.

२६ ऑगस्ट १९३१ रोजीं पहाटे कालव्याचे बांध फुटले. निजलेलीं माणसें हजारोंनीं बुडालीं. पुढें १९५१-५२ त होंगझे सरोवरापासून समुद्रापर्यंत नवा कालवा खणला गेला. तरीही हुआईचें बरेंचसें पाणी अद्याप गाओयोऊच्या सरोवरांतूनच यांगत्से नदीस मिळतें.

या पाणथळ मुलखांत बदकें मात्र सुखानें नांदतात. त्यांचीं दोन बलकांचीं खारवलेलीं अंडीं चीनभर आवडीनें खाल्लीं जातात.