व्हीपीएन आहे, पण नेटच नाही

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून दंगल पेटली, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. अशा वेळी ‘व्हीपीएन टाक की’ असं सांगणारा हमखास भेटतो. त्याचा उपयोग नसतो.

एखादी साइट अडवायची तर मोबाइल कंपनी तुम्ही कुठल्या पत्त्यावर निघालात ते पाहते आणि वाट अडवते. व्हीपीएन तुमची सगळी ये-जा सांकेतिक रूपात दुसऱ्या, बहुधा परदेशातल्या, सर्व्हरमार्फत करतं. कंपनीला दिसतो तो फक्त त्या सर्व्हरचा पत्ता. ‘टॉर’ हेच काम तीन टप्प्यांत करतं, म्हणून मागणारा कोण आणि मागितलं काय, हे दोन्ही कुठल्याच एका टप्प्याला कळत नाही. पण खंबाटकी घाट बंद असला तर गाडी दुसरीकडून नेता येते. डिझेलच मिळेना, तर कुठला घाट नि कुठलं काय!

नेटशिवाय चालतात ती अॅप वेगळी. ‘ब्रायर’ ओळखीच्या दोन फोनांमध्ये ब्लूटूथवरूनही निरोप पोहोचवतं. केंद्राने मे २०२३ मध्ये ज्या चौदा अॅपवर बंदी घातली त्यांत तेही होतं. २०२५ मधलं ‘बिटचॅट’ अनोळखी फोनांवरून निरोप पुढे सरकवतं. त्याला मधे फोनांची दाटी लागते. सांगलीच्या गणपती पेठेत जमेल, माणच्या माळावर अवघड. आणि याच मुलखात, आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यात होता तेव्हा, नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांच्या डोळ्यांत धूळ फेकत चाललं ते पायी फिरणाऱ्या माणसांच्या भरवशावर. अफवेलाही तेवढंच पुरतं, त्यामुळे नेट बंद करून ती थांबते यावर माझा फारसा विश्वास नाही. अडतात ते यूपीआयवर धंदा करणारे आणि ऑनलाइन अर्ज भरणारी पोरं.

व्हीपीएन वापरणं हा देशात सरसकट गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत मात्र त्यावर तात्पुरती बंदी आलेली आहे. ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवा, असं २०२२ मध्ये सरकारने बजावल्यावर काही बड्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. फुकटच्या व्हीपीएनपासून जपा: मोबाइल कंपनीपासून लपवलेलं सगळं त्या व्हीपीएनच्या मालकाच्या हातून जातं.

नेटबंदीचा आदेश जाहीर केलाच पाहिजे आणि बंदी बेमुदत असू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं. एका आदेशाची कमाल मुदत पंधरा दिवस. पुढच्या वेळी नेट गेलं की आधी त्या आदेशाची प्रत मागा.